झाकणावरची लाख

कोहकाटोला
१४ मार्च

मोनाली,

तुझा निरोप तुझ्या आईनं, मामीनं, जसाच्या तसा सांगितला. अंगणात धान पाखडत होती. माझ्याकडे बघितलंही नाही, सुपाकडे बघूनच बोलली. "मोना म्हणते, फोन करू नको. फोनवर तू चिल्लावते. सांगाचं आहे ते लिहून पाठव. लिहिलं का एकदा वाच, अन् मंगच पेटीत टाक."

लिहितो आहे. नंबर ब्लॉक केलास आणि वर गृहपाठ दिलास, मास्तरीणबाई.

पहिली गोष्ट. तुझ्या सिरोंच्याच्या दवाखान्यापर्यंत जी बातमी पोचली ती अर्धी आहे. लोकेशनं तुझ्या भावाला मारलं, एवढीच पोचली असणार. काऊन मारलं, ते कोणी सांगितलं नसेल.

तुझ्या आईनं, माझ्या आईनं, गावातल्या सगळ्या बायांनी जन्मभर मोहाखाली काडी लावली. पाला जळाला की जमीन साफ, मग पहाटे पडलेली फुलं वेचायला सोपी. यंदा काडी लावायची नाही, हे ग्रामसभेत मी उभा राहून सांगितलं. दरवर्षी एक तरी जाळ जंगलात शिरतो म्हणालो. पाला मी उडवतो, वनविभागानं दिलेला ब्लोअर आहे, तो पाठीवर घेऊन प्रत्येकाच्या झाडाखाली येतो, असं म्हणालो. तू शिमग्याला आली होतीस तेव्हा माझी ऐट तू पाहिलीच आहेस. आता सांग, ती मशीन रोज चार माणसांसमोर बंद पडली तर काय होईल माझं?

दोरी ओढली की पहिल्या झटक्यात सुरू होते. दहा-बारा मिनिटं एकदम खणखणीत. मग आवाज बारीक होतो, कोणी नरडं धरल्यासारखा, आणि बंद. जरा वेळ ठेवली की परत सुरू. परत तेच. शिमगा झाल्यापासून हे चाललं आहे. धुरपता आजी काय म्हणाली माहीत आहे? "मशीन लोकेशसारखीच आहे बापा. भुर्रर्र करते अन् मंधातच सोडून देते." सगळ्या बाया टोपल्या ठेवून हसल्या. तुझी आईसुद्धा.

कॉलेज मी दुसऱ्या वर्षात सोडलं, हे गाव अजून विसरलं नाही. तूही कुठं विसरलीस.

तर परवा तुमच्याच झाडाखाली मशीन बंद पडली. मी नाल्यावर तोंड धुवायला गेलो. परत येतो तर तुझा भाऊ दिनेश मशीनपाशी उकिडवा बसलेला, आणि पेट्रोलच्या टाकीचं झाकण त्याच्या हातात. रंगेहाथ, मोनाली. त्याच्या गाडीत पेट्रोल कधी असतं का, तूच सांग. मी विचारलं, का करून राह्यला बे? तो उठला, म्हणाला, "भाऊ, हे झाकण..."

तेवढ्यात हात लागला.

मग मी सगळ्यांसमोर विचारलं, पेट्रोल काढलं का रॉकेल टाकलं ते सांग. एक शब्द बोलला नाही. माझ्याकडे बघितलं, मग खाली बघत राहिला. ज्यानं काही केलं नाही तो माणूस गप्प बसेल का? मी असतो तर अख्खं गाव डोक्यावर घेतलं असतं.

आणि पुरावा पाहिजे तर हा घे. मी घाईत झाकण कसंतरी अडकवलं, दोरी ओढली, आणि मशीन संध्याकाळपर्यंत एकदाही बंद पडली नाही. चोर सापडला आणि मशीन सुधारली. गावानं डोळ्यांनी पाहिलं.

एकदा वाच म्हणाली होतीस. वाचलं. काही खोडावंसं वाटलं नाही.

पाठ बरी आहे. तू दिलेलं मलम संपलं, पण आता लागत नाही. शिमग्याला तू झाकणाचा बंदोबस्त करून गेलीस तेव्हापासून पेट्रोलचा एक थेंब पाठीवर गळला नाही. बघ, तुझ्या हातचं सगळं टिकतं.

तुझाच,
लोकेश


कोहकाटोला
२२ मार्च

मोनाली,

उत्तर आलं नाही. दवाखान्यात काम असेल. तिकडे पेशंट तेलुगूत बोलतात आणि तुला अर्धं समजतं, असं मामी सांगत होती. माझं तर मराठीतलंही तुला अर्धंच समजतं.

हे वाक्य खोडणार होतो, पण राहू दे.

मशीन परत बंद पडू लागली. त्या दिवशी तासनतास चालली, दुसऱ्या दिवशी सकाळी मी नीट पुसून, सगळं घट्ट आवळून घेऊन गेलो, तर पुन्हा तेच नाटक. मग मी टाकी पूर्ण रिकामी केली. पंपावर स्वतः जाऊन पेट्रोल आणलं, टू-टी ऑइल मापानं मिसळलं, डबा घरात खाटेखाली ठेवला. कोणी हात लावायचा प्रश्नच नाही.

तरी बंद पडते.

म्हणजे दिनेशनं. म्हणजे पेट्रोल. इथं मी तीनदा लिहून खोडलं आहे, तुला कागदावर दिसेल. पेट्रोल चांगलं होतं, मोनाली. आधीचंही चांगलं असेल. पण मग तो टाकी उघडून काय करत होता? आणि बोलला काऊन नाही?

प्लग काढून घासला. एअर फिल्टर साबणानं धुऊन वाळवला. सायलेन्सरच्या जाळीवरची काजळी तारेच्या ब्रशनं काढली, हात काळे, तोंड काळं. दहा मिनिटं चालते आणि नरडं धरते. शेवटी गाडीच्या मागे बांधून वहाबभाईकडे घेऊन गेलो. बाजारातला पंप दुरुस्त करणारा, तू ओळखतेस, तोंडात कायम सुपारी. त्यानं मशीन इकडून तिकडे हलवली, दोरी ओढली, सुरू झाली तशी म्हणाला, "चल तो रही है! तूच बंद करून आणतो का रे?" मी म्हटलं थांबा दहा मिनिटं. दहा मिनिटं थांबायला त्याला वेळ कुठं. "कार्ब्युरेटर गया. नागपूरहून मागवतो. तोपर्यंत तू माझ्याकडे ॲडमिशन घे, तुझं कॉलेजही अर्धंच आहे." दुकानातले दोघं-तिघं हसले. मी पाना त्याच्या टेबलावर आपटला आणि मशीन उचलून निघून आलो. नागपूरचा कार्ब्युरेटर तिथंच राहिला.

मला माहीत आहे तू काय म्हणशील. कॉलेज सोडून आलो तेव्हाही म्हणाली होतीस, दार आपटायच्या आधी चप्पल तरी घालत जा.

आता जे लिहायचं टाळतो आहे ते लिहितो. दिनेश गावात नाही. मिरची तोडायला तेलंगणात जाणाऱ्या गाडीत बसून गेला. दरवर्षी तो मोह सोडून जात नाही, तुला माहीत आहे. मामीनं मला सांगितलं नाही, मी विचारलं तेव्हा म्हणाली, "गेला. गावात तोंड दाखवाले जागा नाई राह्यली म्हणे." माझ्याकडे तेव्हाही बघितलं नाही.

तो सिरोंच्यावरूनच गेला असेल. तुला भेटला का? काही म्हणाला का?

फुलं पडायला लागली आहेत. तुमच्या झाडाखाली पाला घोट्यापर्यंत आहे. मामी एकटी वाकून पाल्यातून फुलं शोधते. मी मदतीला गेलो तर टोपली उचलून झाडाच्या पलीकडे गेली.

लोकेश


कोहकाटोला
३० मार्च

मोनाली,

आई ठीक आहे, हे आधी वाच. हाताला, पायाला काही झालेलं नाही. झाड उभं आहे.

शुक्रवारी दुपारी मामीनं झाडाखाली काडी लावली. तिला दोष देऊ नकोस. नंतर बोलली ती मला ऐकवण्यासाठीच बोलली, "मशीन मेली, पोरगा गेला. फुलं का हवेतून वेचू?" गावात काड्या सगळ्यांच्याच कमरेला होत्या, माझ्या मशीनची वाट बघून बघून थकले होते. तिनं पहिली लावली, एवढंच. वारा फिरला आणि जाळ सागाच्या रोपवनाकडे धावला.

मी मशीन पाठीवर टाकून पळालो. वनविभागाचे गार्डसाहेब होते, गावातले सगळे होते, ओल्या डहाळ्यांनी झोडपत होते. आगीच्या कडेनं चालत पाला मागे, जळलेल्या जागेवर उडवायचा, मग आगीला पुढं खायला काही उरत नाही. हे मी प्रशिक्षणात शिकलो होतो, पहिल्या दिवशी. जमतही होतं. आणि अगदी रोपवनाच्या तोंडाशी मशीनचा आवाज बारीक झाला.

बंद.

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मशीन खाली टेकवली. पेट्रोल संपलं असेल या आशेनं झाकण फिरवलं. फुस्स. हवा आत गेल्याचा आवाज, सायकलचा वॉल्व काढल्यासारखा, पण उलटा. टाकी अर्ध्याच्या वर भरलेली. झाकण अडकवलं, दोरी ओढली, सुरू. पुढं गेलो, झाकण डुगडुगतं म्हणून आवळलं, थोड्या वेळानं परत बंद. पुन्हा फिरवलं, पुन्हा फुस्स. तेव्हा डोक्यात उजेड पडला. झाकण अर्धा आटा सैल ठेवून पाठीवर घेतलं. मग आग विझेपर्यंत एकदाही अडखळली नाही. जाळाशेजारी सैल झाकणाची टाकी पाठीवर घेऊन फिरलो, त्यावर तू ओरडशील. ओरड. फोनवर ओरडलीस तरी चालेल.

रोपवन वाचलं. तुमच्या झाडाची उगवतीकडची साल काळी पडली आहे, दोन-तीन दिवसांची फुलं गेली.

बिघाड झाकणात होता. झाकणाला वरून एक बारीक भोक असतं. इंजीन पेट्रोल ओढतं तसतशी त्या भोकातून हवा आत जायला पाहिजे. हवा गेली नाही की आत ओढ तयार होते, पेट्रोल वर चढत नाही, इंजीन गुदमरतं. जरा वेळ ठेवलं की कुठून तरी थोडी हवा शिरते, परत चालतं. भोक बुजलं होतं. कचऱ्यानं.

आता तुलाही कळलं असेल. त्या दिवशी दिनेशनं झाकण उघडलं म्हणून मशीन चालली. मी घाईत अर्धवट लावलं म्हणून संध्याकाळपर्यंत चालली. दुसऱ्या दिवशी मी घट्ट आवळलं. ज्याला मी पुरावा म्हणालो तो त्याच्या बाजूचा होता. तो काही काढत नव्हता, काही टाकत नव्हता. "भाऊ, हे झाकण..." म्हणाला होता.

मी पुढचं ऐकलं नाही.

पाठ ठीक आहे.

लोकेश


कोहकाटोला
६ एप्रिल

मोनाली,

तुझं पत्र आलं. पाकीट इतकं हलकं होतं की आत कागद आहे की नाही म्हणून उजेडात धरून पाहिलं. दोन ओळी. मला पाठ झाल्या आहेत, तरी इथं उतरवतो, म्हणजे माझ्या हातानं लिहिल्या जातील.

"भोक कचऱ्यानं बुजलं नाही. शिमग्याला त्यावर लाख मी लावली होती, आणि तुला ते माहीत आहे. पण लाख माझी होती, लोकेश. हात तुझा होता."

हो. मला माहीत होतं. आग विझल्यावर मी झाकण उन्हात धरलं तेव्हाच ओळखलं. तांबडा, चकचकीत थेंब. नखानं निघेना. तरी तुला कचरा म्हणून लिहिलं. तुला कळू नये असं वाटलं. तू तिथं एकटी राहतेस, स्वतःला खात बसशील असं वाटलं. हे खरं आहे, पण अर्धं. उरलेलं अर्धं असं की, तुझ्या लाखेमुळे झालं हे कुठंतरी मलाही सोयीचं वाटलं होतं. घटकाभर वाटलं. तू ते न बघता ओळखलंस.

त्या दिवसाची मला एकेक गोष्ट आठवते. मी तुमच्या ओसरीत पालथा पडलो होतो. पेट्रोल गळून गळून कमरेवरची कातडी सोललेली. तू कापूस फिरवत होतीस आणि रागावत होतीस, "एवढं होईपर्यंत का करत होता? दवाखान्यात असता तं इंजेक्शनच दिलं असतं जाड सुईचं." मग तू मशीन उलटी-पालटी करून पाहिलीस. झाकणातून पाझर होता. मामी विळ्याच्या मुठी बसवायला लाख ठेवते, तिचा तुकडा तू निखाऱ्यावर धरलास, एक थेंब भोकावर सोडलास, ओल्या बोटानं दाबलास. गळकं मडकं असो की ढिली मूठ, आपल्याकडे लाखच लावतात. कोणीही तेच केलं असतं. तू विचारलंस, "लावू ना? काही बिघडन तं नाई?" आणि मी पालथा पडल्या पडल्या म्हणालो, "लाव बिनधास्त. ऑपरेटर मी आहे."

ऑपरेटर. प्रशिक्षण दोन दिवसांचं होतं, मोनाली. दुसऱ्या दिवशी टाकी, झाकण, फिल्टर, सगळं खोलून दाखवणार होते. त्या दिवशी सकाळी शिकवणाऱ्यानं हजेरी घेताना, शिक्षण अर्धवट का, असं विचारलं. मी उठून चालता झालो. आतल्या रबरी चकतीनं पाझर थांबतो, ती झिजली की नवी टाकायची, भोक कधी बुजवायचं नाही, हे त्या दिवशी सांगितलं असणार. परवा वहाबभाईनं सांगितलं. त्याची माफी मागायला गेलो होतो. तो म्हणाला, "माफी नको, पाना सरळ करून दे." पाना खरंच वाकला होता.

परवा सभा झाली. तुमच्याच झाडाखाली भरवा, असं मीच गुणवंतरावांना म्हटलं. यंदा तेच अध्यक्ष आहेत. जिथं हात उचलला तिथंच बोलायचं होतं. मी झाकण सगळ्यांना दाखवलं आणि म्हणालो, दिनेशनं काही केलं नव्हतं. भोकावर लाख मी लावली होती.

तुझं नाव घेतलं नाही. रागावशील, तरी घेतलं नाही.

धुरपता आजी लगेच म्हणाली, "तुले लाख लावता येते का रे? विळ्याची मूठ तं बसवता येत नाई." हसू झालं. मामी हसली नाही. लाख कोणाच्या घरची ते तिला माहीत होतं. तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं, आणि ते बघणं मला सहन झालं नाही. मी म्हणालो, लाख कोणी लावली ते सोडा. हात माझा होता. तुझ्या चिठ्ठीतलं वाक्य मी चोरलं. माझ्याजवळ त्याच्याहून खरं काही नव्हतं.

गुणवंतराव म्हणाले, आमच्यासमोर बोलला ते ठीक, पण ज्याच्या गालावर लागलं तो इथं कुठी आहे?

सभा उठल्यावर मामी घरातून खराटा घेऊन आली. माझ्यासमोर टाकला. "मशीन राहू दे. घे, झाड." तेव्हापासून दोन्ही पहाटे तुमच्या झाडाखाली मी झाडतो आहे. ती वेचते. बोलत नाही. पण टोपली घेऊन पलीकडे जात नाही.

पाठ परत सोलली आहे. मागच्या पत्रात ठीक लिहिलं होतं.

तुझ्या पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं एका गावाचं नाव आहे. गोदावरीच्या पलीकडचं. खाली काही लिहिलेलं नाही. म्हणजे तुला तो भेटला होता, आणि मला काय करायचं आहे ते तू सांगणार नाहीस.

जातो.

लोकेश


सिरोंचा बसस्थानक
१३ एप्रिल

मोनाली,

वरचं गावाचं नाव वाचून दचकू नकोस. मी आलेलो नाही. जाताना इथून गेलो आणि आता परतीची बस इथून आहे. सुटायला वेळ आहे म्हणून बाकावर बसून लिहितो आहे.

जाताना बस तुझ्या दवाखान्यासमोर थांबली होती. एक म्हातारी उतरली, तिची गाठोडी उतरवायला मीच मदत केली. माझा एक पाय पायरीवर होता. फाटकातून आतला कडुनिंब दिसत होता, त्याच्याखाली बाया रांगेत बसल्या होत्या. कंडक्टर म्हणाला, "उतरणार का?" मी नाही म्हणालो. ही गोष्ट मी तुला का सांगतो आहे ते तुला कळेल. महिन्याभरापूर्वीचा लोकेश उतरला असता आणि तुझ्या पेशंटांसमोर तमाशा केला असता.

दिनेश भेटला. मिरचीच्या खळ्यावर होता. लांबूनच नाकातोंडात ठसका गेला. मी असा खोकत खोकत त्याच्यासमोर उभा राहिलो की बोलायला आलो आहे का मरायला, ते कोणालाच कळेना. शेतमालकानं तेलुगूत काहीतरी विचारलं. दिनेशनं तेलुगूतच उत्तर दिलं, चक्क. मग माझ्याकडे वळला.

"कोणी पाठवलं?"

"कोणी नाई. मीच आलो."

"काऊन?"

एवढ्या लांबच्या रस्त्यात मी बरंच काही ठरवलं होतं. तोंडातून एवढंच आलं, "मार मले."

त्यानं दोन्ही तळहात पुढं केले. लालभडक, बोटांच्या फटींत बिया. "हे हात पाह्य. आत्ता मारलो तं मिरची तुह्या डोळ्यात जाईन. मंग आंधळ्याले गावापर्यंत कोण नेईन? मलेच न्या लागन." ढिगावरच्या बाया हसल्या. त्या आपल्याकडच्याच होत्या, एटापल्लीकडच्या. तो नाही हसला.

आम्ही बांधावर बसलो. मी सगळं सांगितलं. आग, फुस्स, लाख, सभा. त्यानं मधे तोडलं नाही. मग म्हणाला, "माह्यं वाक्य त्या दिवशी अर्धं राह्यलं होतं. आता पुरं ऐक." आणि एकेक शब्द सावकाश बोलला, शाळेत कविता म्हणायचो तसा. "भाऊ, हे झाकण खोललो तं फुस्स आवाज आला. याच्यानंच बंद पडून राह्यली वाटते."

मग म्हणाला, "बस. एवढंच होतं."

मी विचारलं, मग मी सगळ्यांसमोर विचारलं तेव्हा काऊन नाही सांगितलं? तोंड होतं ना तुला?

"तू तवा झाकण पाह्यला असता. लाख दिसली असती. लाख कोणाच्या घरची अन् कोणाच्या हातची, हे गावाले कळाले किती वेळ लागते? नर्सबाईनं मशीन बिघडवली म्हणले असते. साऱ्या मोहाच्या हंगामात तेच चघळले असते. चारचौघांत बहिणीचं नाव मी कायले घेऊ?" तळहात मातीला घासत होता. "अन् एक झापड तं होती."

मोनाली, सभेत मीही तुझं नाव घेतलं नव्हतं, हे त्याला सांगावं असं माझ्या ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं. तो गप्प राहून जे करून गेला, त्यासाठी मला सभा भरवावी लागली होती.

चल म्हणालो. मामी एकटी आहे म्हणालो. तो म्हणाला, मिरची संपल्याशिवाय येणार नाही, मालकाला शब्द दिला आहे. मधातच सोडून येणं त्याला जमत नाही. टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं. आईसाठी त्यानं वाळलेल्या मिरचीची पिशवी दिली. निघताना विचारलं, "सिरोंच्याले उतरशील का, लोकेश?"

मी नाही म्हणालो. त्यानं मान हलवली.

तुझ्या लक्षात आलं का? 'भाऊ' त्या जुन्या वाक्यात होता, मार्चमधल्या. आता तो मला लोकेश म्हणतो. मी ते दुरुस्त करायला गेलो नाही. लाखेसारखंच तेही नखानं निघणारं नाही.

नवं झाकण बसवलं आहे, आत नवी चकती. मशीन आता एकदम खणखणीत चालते, पण पाठीवर घेतली की मला ती पूर्वीइतकी आवडत नाही. पुढच्या महिन्यात वनविभागाचं प्रशिक्षण पुन्हा आहे. नाव दिलं आहे. दोन्ही दिवस बसेन. हे तुला खूश करायला लिहिलेलं नाही. थोडं आहे, पण सगळं नाही.

पत्रपेटी बसस्थानकाच्या फाटकाशीच आहे. तिथून तुझा दवाखाना इतका जवळ आहे की हाक मारली तर ऐकू जाईल. हे पत्र तुझ्या हातात द्यायला मला चार पावलं टाकायची आहेत. पण तू लिही म्हणाली होतीस, ये म्हणाली नव्हतीस. टपालवाला उद्या-परवा आणून देईल.

लिहिलं की एकदा वाच, असंही म्हणाली होतीस. वाचलं. पहिल्या पत्रात एक वाक्य आहे, "तेवढ्यात हात लागला." ते तुझ्याजवळ आहे. जमलं तर पेन घेऊन ते खोड आणि वर लिही, मी मारलं.

कंडक्टर बोलावतो आहे. पेटीत टाकून चढतो. फुलं आता थोडीच पडतात, पण पडतात. पहाटे मामीच्या आधी झाडाखाली पोचायचं आहे.

लोकेश